सही तुमची, चूक सीएची!

पीएफ किंवा एनपीएसचा आकडा रिटर्नमध्ये चुकला तर? भांडण नको, घाबरणं तर त्याहून नको. चूक कुठल्या बाजूची आहे ते ओळखा आणि आधी कॅलेंडर बघा!

जुलै महिना आला की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दोनच प्रश्न ऐकू येतात. 'अप्रेझलचं काय झालं?' आणि 'रिटर्न भरलं का?' पहिल्याचं खरं उत्तर कुणीच देत नाही. दुसऱ्याचं मात्र एकदम झोकात येतं, 'आपल्याला टेन्शन नाही बॉस, आपला सीए बघतो सगळं!'

हा 'आपला सीए' म्हणजे बहुतेक वेळा बाबांच्या ओळखीतले काका. बाबांचं रिटर्न त्यांनीच भरलं, ताईचंही तेच भरतात, मग आपण वेगळं काय करणार? फॉर्म १६ व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलायचा, आलेला ओटीपी सांगायचा, फी जीपे करायची, की वर्षभराची सुट्टी. रिटर्नमध्ये नेमकं काय लिहिलंय, हे उघडून बघायची वेळच येत नाही.

वेळ येते ती प्राप्तिकर खात्याचा मेल आल्यावर. अपेक्षित रिफंड अर्धाच आलेला असतो, किंवा उलट खात्यानेच पैसे मागितलेले असतात. शोधाशोध केली तर कळतं, की पगाराचा आकडा बरोबर आहे, गडबड झालीय ती पीएफ आणि एनपीएसमध्ये. म्हणजे म्हातारपणासाठी बाजूला टाकलेल्या पैशांच्या हिशेबात!

अशा वेळी डोक्यात पहिला प्रश्न येतो, 'चूक कोणाची?' हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे, 'चूक कुठल्या बाजूची?' तुम्ही कर जास्त भरलाय की कमी? पुढचा सगळा रस्ता यावरच ठरतो.

मोठ्यामोठ्यांचीही चुकते!

काकांवर चिडण्याआधी एक किस्सा ऐका. जगाला करसल्ला देणारी प्राइस वॉटरहाऊस कूपर्स ही कंपनी स्वतःच्याच रिटर्नमध्ये चुकली होती. आकारणी वर्ष होतं २०००-०१. ग्रॅच्युइटीसाठी केलेली २३,७०,३०६ रुपयांची तरतूद करातून वजा होत नाही, असं त्यांच्या टॅक्स ऑडिटच्या अहवालात लिहिलेलं होतं. तरी रिटर्न भरताना ती रक्कम उत्पन्नात परत मिळवायची राहून गेली. खात्याने दंड लावला आणि प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. २५ सप्टेंबर २०१२ ला कोर्टाने दंड रद्द केला. एवढ्या जाणकार कंपनीकडूनही साधी, अनवधानाने चूक होऊ शकते आणि अहवालात खरी माहिती दिलेली असताना याला लपवाछपवी म्हणता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, प्रामाणिक चूक आणि चोरी यांत कायदा फरक करतो. दोन, दंड माफ झाला तरी मूळ कर माफ होत नाही, तो भरावाच लागतो. आणि रिटर्न सीएने भरलं तरी 'यातली माहिती खरी आहे' हे सत्यापन तुमच्या नावाने होतं. तुम्ही सांगितलेला तो ओटीपी म्हणजे तुमची सही असते. त्यामुळे खातं काकांना नाही, तुम्हालाच विचारणार.

घोळ होतो तरी कुठे?

निवृत्तीच्या पैशांत होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. तुमची यातली कुठली, ते बघा.

पासबुकातले दोन रकाने. पीएफच्या पासबुकात तुमचा वाटा वेगळा आणि कंपनीचा वेगळा असतो. ८०सी खाली वजावट मिळते ती फक्त तुमच्या वाट्याची. घाईत दोन्हींची बेरीज घेतली जाते. समजा, तुमचा बेसिक पगार महिना ४०,००० आहे. त्याचे १२ टक्के म्हणजे ४,८००, वर्षाचे ५७,६००. रिटर्नमध्ये त्याच्या दुप्पट, १,१५,२०० दाखवले गेले, तर ५७,६०० ची वजावट फुकटची घेतली गेली. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर सेससकट ११,९८१ रुपये कर कमी भरला गेला.

एनपीएसचे हरवलेले पन्नास हजार. जुन्या करपद्धतीत ८०सीची दीड लाखाची मर्यादा असते. एनपीएसच्या टियर १ मध्ये स्वतः भरलेल्या पैशांवर त्याशिवाय ५०,००० ची वजावट ८०सीसीडी(१बी) खाली मिळते. पण सीएने एनपीएसची रक्कमही ८०सीच्याच गठ्ठ्यात टाकली, तर? दीड लाख पीएफ आणि विम्यानेच भरलेले असतात. वरचे पन्नास हजार वाया! ३० टक्क्यांच्या टप्प्यात हे सेससकट १५,६०० रुपयांचं नुकसान आहे. उलटी चूकही होते. टियर २ मध्ये टाकलेले पैसे याच वजावटीत दाखवले जातात. ती वजावट तुमची नसतेच.

कंपनीने भरलेला एनपीएस. कंपनी तुमच्या एनपीएस खात्यात पैसे भरत असेल, तर ते आधी पगारात मिळवले जातात आणि मग ८०सीसीडी(२) खाली वजा होतात. नव्या करपद्धतीत ८०सी नाही, पन्नास हजारवालं कलमही नाही, पण ही वजावट आहे. आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून तिची मर्यादा बेसिक आणि डीएच्या १४ टक्के झाली. 'नव्या पद्धतीत काहीच वजा होत नाही' असं धरून चालणारा माणूस हीच ओळ गाळतो. समजा, बेसिक ६०,००० आहे. त्याचे १४ टक्के म्हणजे महिना ८,४००, वर्षाचे १,००,८००. २० टक्क्यांच्या टप्प्यात सेससकट २०,९६६ रुपये कर जादा गेला!

नवी की जुनी? आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करपद्धत ही आपोआप लागू होणारी पद्धत झाली. जुनी हवी असेल, तर पगारदाराला ती मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्ये निवडावी लागते. काकांकडे गर्दी होती, रिटर्न उशिरा गेलं, तर पीएफ आणि एनपीएसवरच्या तुमच्या वजावटी त्या वर्षापुरत्या गेल्याच म्हणायच्या.

मध्येच काढलेला पीएफ. नोकरी बदलताना बाइकसाठी नाहीतर ट्रिपसाठी पीएफ काढला आणि एकूण नोकरी पाच वर्षांची झालेली नसेल, तर तो पैसा सहसा करपात्र असतो. जुना पीएफ नव्या खात्यात ट्रान्सफर केला असेल, तर आधीची नोकरीही या पाच वर्षांत मोजली जाते. सीएने ही रक्कम 'करमुक्त' रकान्यात टाकली, तरी तिच्यावर कापलेला टीडीएस २६एएसमध्ये दिसतो. कॉम्प्युटरला जुळवाजुळव करायला किती वेळ लागणार?

आता बाजू ओळखा

वरच्या चुकांचे दोन गट पडतात. हरवलेले पन्नास हजार, गाळलेला कंपनीचा एनपीएस यांत तुमचे पैसे सरकारकडे अडकलेत. दुप्पट धरलेला पीएफ, टियर २ ची वजावट, करमुक्त दाखवलेला पीएफ यांत सरकारचे पैसे तुमच्याकडे आहेत. दोन्हींचं घड्याळ वेगळं आहे आणि गंमत म्हणजे तुमचे पैसे अडकले असतील, तेव्हा ते जास्त जोरात पळतं.

चूक लवकर सापडली, तर दोन्हींवर औषध एकच, सुधारित रिटर्न. मूळ रिटर्न प्रोसेस होऊन रिफंड जमा झाला असला, तरी ते भरता येतं. वजावट वाढली तर जादा रिफंड मिळतो, कमी झाली तर उरलेला कर व्याजासह भरायचा आणि मोकळं व्हायचं. आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या रिटर्नसाठी ही मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. तुमच्या वर्षाची तारीख ई-फायलिंग पोर्टलवर बघून घ्या. आणि सुधारित रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करायला विसरू नका, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

मुदत निघून गेली आणि कर कमी भरला गेला असेल, तर 'अपडेटेड रिटर्न' म्हणजे आयटीआर-यू आहे. ही सोय २०२२ मध्ये आली तेव्हा दोन वर्षांची होती. १ एप्रिल २०२५ पासून ती चार वर्षांची झाली, आकारणी वर्ष संपल्यापासून ४८ महिने. पण उशिराला किंमत आहे. मूळ कर आणि व्याजाच्या वर पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, २४ महिन्यांपर्यंत ५० टक्के, ३६ पर्यंत ६० आणि ४८ पर्यंत ७० टक्के जादा भरावे लागतात. म्हणजे कर आणि व्याज मिळून १५,००० होत असतील, तर पहिल्या वर्षात वरचा भुर्दंड ३,७५० चा आणि चौथ्या वर्षात १०,५०० चा. 'बघू नंतर' हा फंडा इथे महाग पडतो.

मुदत निघून गेली आणि तुमचेच पैसे अडकले असतील, तर? आयटीआर-यू इथे चालत नाही. कर कमी करायला किंवा रिफंड वाढवायला ते भरताच येत नाही. पोर्टलवरचं 'रेक्टिफिकेशन' हे बटण मोह पाडतं, पण ते रेकॉर्डवरून सरळ दिसणाऱ्या चुकीसाठी असतं. मुळात मागितलीच नाही अशी वजावट सहसा त्यातून मिळत नाही. उरतो तो विलंब माफीचा अर्ज, कलम ११९(२)(बी) खाली. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत तो करता येतो. उशीर का झाला आणि अर्ज नाकारला तर खरोखर काय अडचण होते, हे कागदपत्रांसह पटवावं लागतं. मंजुरीची गॅरंटी नाही आणि मिळालेल्या रिफंडवर व्याजही नाही.

एक खुलासा. नवा प्राप्तिकर कायदा २०२५ चा असला, तरी तो १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी आहे. त्याआधीच्या वर्षांचा हिशेब १९६१ च्या कायद्यानेच होतो, म्हणून इथे कलमांचे आकडे जुनेच दिलेत.

काकांशी बोलायचं कसं?

खरं अवघड काम हेच! गणित जमतं हो, पण ज्या काकांनी बाबांची वीस वर्षं रिटर्नं भरली, त्यांना 'तुमचं चुकलं' म्हणायचं कसं? म्हणून कित्येक जण गप्प बसतात, पुढच्या वर्षी गुपचूप दुसरा सीए धरतात आणि जुनी चूक तशीच राहते. पण चूक तुमच्या पॅनला चिकटलेली आहे. सीए बदलला म्हणून ती सुटत नाही.

आधी स्वतःचा मेलबॉक्स तपासा. एनपीएसची पावती पाठवली होती का? दुसऱ्या कंपनीचा फॉर्म १६ दिला होता का? जे दिलंच नाही, त्याचा दोष काकांवर टाकता येणार नाही. मग फोन करा, आणि फोननंतर तेच लेखी पाठवा. आरोप नको, आकडा द्या. साधारण असं :

'काका, नमस्कार. माझ्या २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये ८०सीखाली पीएफचे १,१५,२०० दिसतायत. पासबुकात माझा वाटा ५७,६०० आहे. कंपनीचा वाटाही धरला गेलाय का, जरा बघाल? दुरुस्ती कशी करायची आणि किती पैसे भरावे लागतील, तेही कळवा. पासबुक सोबत जोडलंय.'

एवढ्या मेसेजने काम होतं, आणि उद्या खात्याने विचारलंच तर चूक कळल्यावर तुम्ही लगेच पावलं उचललीत, याचा कागद तुमच्या हातात राहतो. प्रामाणिक खुलासा केला आणि सगळी माहिती उघड केली, तर दंडातून सुटायची वाट कायद्यात आहे. नाहीतर उत्पन्न कमी दाखवल्याबद्दल त्यावरच्या कराच्या ५० टक्के आणि खोटी माहिती दिल्याबद्दल २०० टक्के दंडाची तरतूद आहे. दोन्हींतला फरक बऱ्याचदा कागदांवरच ठरतो.

पैशांचं काय? इथे जरा न्यायाने वागा. मूळ कर तुमचाच होता, तो काकांकडे मागण्यात अर्थ नाही. पण दुरुस्तीची फी लावू नका, असं बिनधास्त सांगता येतं. चूक पूर्णपणे त्यांची असेल, तर व्याज आणि वरचा भुर्दंड त्यांनी उचलावा किंवा निम्मा वाटून घ्यावा, असंही सुचवता येतं. नाव जपणारा माणूस बहुधा नाही म्हणणार नाही.

समोरचा फोनच उचलत नसेल, तर त्याची वाट बघत मुदत घालवू नका. दुसऱ्याकडून दुरुस्ती करून घ्या, भांडण नंतर. तो खरंच चार्टर्ड अकाउंटंट असेल, तर त्यांच्या इन्स्टिट्यूटकडे शिस्तभंगाची तक्रार करता येते. तिथे सदस्यावर कारवाई होऊ शकते, पण तुमचे पैसे परत मिळवून देणं हे त्या कारवाईचं काम नाही. आणि तो सीए नसून नुसताच 'टॅक्सचं बघणारा' असेल, तर ही सोयही नाही.

ही चूक नव्हे, हा धंदा!

एक प्रकार मात्र पूर्ण वेगळा आहे. 'तुमचा रिफंड डबल करून देतो, त्यातले इतके टक्के माझे' असं म्हणणारा माणूस चुकत नसतो. तो न भरलेला एनपीएस, न घेतलेला विमा बिनदिक्कत लिहितो. १४ जुलै २०२५ ला प्राप्तिकर खात्याने अशा मंडळींविरुद्ध देशभर १५० ठिकाणी तपासणी सुरू केली. त्या वेळी खात्याने सांगितलं होतं, की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्न अपडेट करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले.

त्यात आणखी एक भानगड उघड झाली. काही जण गठ्ठ्याने रिटर्नं भरण्यासाठी तात्पुरते ई-मेल पत्ते उघडत आणि नंतर सोडून देत. नोटिसा त्या बेवारस मेलबॉक्समध्ये पडून राहत, करदात्याला पत्ताच नाही! म्हणून आज घरी गेल्यावर पोर्टलवर लॉग-इन करून प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ई-मेल कोणाचा आहे, ते आधी बघा. काका कितीही जवळचे असोत, तिथे तुमचाच हवा. पासवर्डही तुमच्याच हातात हवा.

चौकट : ओटीपी सांगण्याआधी अर्धा तास

ही पाच कागदं एका फोल्डरमध्ये ठेवा : फॉर्म १६, पीएफचं पासबुक, एनपीएसचं वार्षिक स्टेटमेंट, एआयएस आणि २६एएस, आणि सीएने तयार केलेला रिटर्नचा ड्राफ्ट.

मग एवढंच जुळवा :
– ड्राफ्टमध्ये करपद्धत नवी आहे की जुनी? दोन्हींचा हिशेब करून पाहिला का?
– ८०सीमधला पीएफ आणि पासबुकातला 'कर्मचारी' रकाना सारखा आहे का?
– स्वतःचा टियर १ चा एनपीएस ८०सीसीडी(१बी) मध्ये वेगळा दिसतो का? (फक्त जुनी पद्धत.)
– कंपनीचा एनपीएस ८०सीसीडी(२) मध्ये आहे का? (दोन्ही पद्धती.)
– वर्षात पीएफ काढला असेल, तर तो कुठल्या रकान्यात आहे?
– तुमचा स्वतःचा पीएफ वर्षाला अडीच लाखांच्या वर जातो का? आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून वरच्या रकमेवरचं व्याज करपात्र आहे. ते धरलंय का?

मोबाइल घेताना आपण दहा रिव्ह्यू वाचतो, हॉटेलचं बिल दोनदा तपासतो. इथे तर साठीनंतरच्या आयुष्याचा पैसा आहे. सीए जरूर ठेवा, काकांचा मान जरूर ठेवा. फक्त पुढच्या वेळी त्यांचा फोन आला, की ओटीपी लगेच सांगू नका. म्हणा, 'काका, ड्राफ्ट पाठवता का? रात्री बघून सांगतो.' चांगला सीए यावर रागावत नाही. खरं सांगायचं, तर तो खूषच होतो!